सोजरबाईंचं नियुक्तीपत्र

रविवारी सकाळी साडेदहाला भीमराजांनी स्टीलच्या तांब्यावर चमचा तीनदा वाजवला, तेव्हा आम्रपाली आतल्या खोलीत बाळाला पाजत होती.

"सर्व सभासद हजर आहेत का?" सासऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं.

"पाच मिनिटं, आबा."

"लिही रे," भीमराज मुलाला, प्रितमला, म्हणाले. "सभा पाच मिनिटं तहकूब. कारण, एका सभासदाचं जेवण."

एकोणीस वर्षं ते कामगार संघटनेचे सेक्रेटरी होते. कंपनी सुटली, संघटना सुटली, पण तांब्या-चमचा काही सुटला नाही. घरातली प्रत्येक मोठी गोष्ट लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत ठराव होऊनच घडायची. फ्रिज असाच आला. आम्रपालीसुद्धा या घरात ठराव क्रमांक एक्केचाळीसनं आली होती. 'मुलगी सर्वानुमते पसंत. विरोध : नाही. दीक्षाने हात वर केला होता, परंतु तो पंखा कमी करण्यासाठी.' लग्नानंतर पहिल्यांदा ती ओळ वाचून ती एवढी हसली होती, की सासूबाईंनी तिला पाणी आणून दिलं होतं.

आज मात्र तिला हसू येत नव्हतं. उद्या सोमवार. सव्वीस आठवड्यांची रजा आज संपत होती आणि उद्या सकाळी पावणेसातला कंपनीची बस चिंचवड स्टेशनवरून चाकणला निघणार होती. बसमध्ये आम्रपाली बसणार की नाही, हे धम्मू कुणाजवळ राहणार यावर होतं. साडेपाच महिन्यांचा धम्मरत्न आत्ता तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून, एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून पीत होता. जसं काही त्यालाही विषयपत्रिका ठाऊक होती.

विषय एकच होता. शुक्रवारी जेवताना सासूबाईंनी, म्हणजे सोजरबाईंनी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, संपाची नोटीस दिली होती.

"सोमवारपास्न मी धम्मूला संबाळणार न्हाई. कागद दिल्याबिगर न्हाई."

याला जबाबदार दीक्षा. आम्रपालीची ही नणंद वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मागच्या रविवारी विहारातल्या महिला मंडळापुढे तिनं नव्या कामगार कायद्यांवर भाषण केलं होतं. कामगार कायमचा असो, कंत्राटी असो, प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायलाच हवं, आधीपासून कामावर असलेल्यांनासुद्धा, असं तिनं टेबलावर हात आपटून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत सोजरबाई बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी ऐकलं.

धम्मू झोपला. त्याला खांद्यावर घेऊन आम्रपाली बाहेर आली आणि सभा पुन्हा सुरू झाली.

"अध्यक्षस्थानी मी," भीमराज म्हणाले.

"हरकत," दीक्षा म्हणाली. "अध्यक्ष निष्पक्ष पाहिजे. आबा, तुम्ही मालक पक्षात आहात."

भीमराजांचा चमचा हातातच राहिला. "मी? मालक?"

"नातू कुणाचा? घर कुणाच्या नावावर? काम करून कोण घेतंय?"

"अगं, शहाण्णवच्या संपात मी त्रेसष्ट दिवस गेटवर बसलो होतो!"

"आन् त्या त्रेसष्ट दिसांत घर कुणी चालवलं?" सोजरबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मागण्या वाच, दीक्षा."

प्रितमनं बायकोकडे पाहिलं. त्याच्या मते ही सगळी गंमत होती आणि आईला एक साडी आणली की मिटणार होतं. आम्रपालीला मात्र तसं वाटत नव्हतं. तिनं शुक्रवारी रात्री सासूबाईंना मोरीत भांडी घासताना पाहिलं होतं. गमतीत माणूस कढई इतकी घासत नाही.

"आई, एक सांगते," दीक्षानं मागण्यांचा कागद उलगडता उलगडता जरा चुळबुळ केली. "कायद्यानं आजी कामगार होत नाही गं. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेलं काम त्यात येत नाही."

"कायद्यात न्हाई ना? मंग घरात तरी असू दे."

दीक्षानं वाचायला सुरुवात केली. पहिली मागणी, नियुक्तीपत्र. दुसरी, रविवारी सुट्टी. तिसरी, दुपारी चारचा चहा दुसऱ्या कुणीतरी करून हातात द्यावा. चौथी, बाळाला काय चाटवायचं ते आजी ठरवणार, मोबाईल ठरवणार नाही.

पहिल्या तीन मागण्यांना आम्रपाली मनातल्या मनात हात वर करून बसली होती. चौथीला तिचा हात खाली आला.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. मध तर वर्षभर नाही."

"तुझ्या नवऱ्याला मी तिसऱ्या दिवशी मध चाटवला हुता. मेला का त्यो?"

"तरीच," दीक्षा म्हणाली.

प्रितम म्हणाला, "ए!"

बघता बघता पक्ष बदलले. सून मालकांकडे गेली, प्रितम आईकडे सरकला, आणि भीमराज, इतका वेळ मालक म्हणून कोपऱ्यात पडलेले, एकदम सुनेच्या बाजूनं बोलू लागले. धम्मूला यातलं काही आवडलं नसावं. तो जागा झाला, आणि सोजरबाईंनी लसणाचे हात पदराला पुसून त्याला आपसूक घेतलं. संपावरच्या कामगारानं मशीन चालू केल्यासारखं ते झालं. सगळ्यांनी पाहिलं.

"बरं," त्या बाळाला थोपटत म्हणाल्या. "मध मागं घेते. डागदरचं ऐकू. पर पयलं, दुसरं, तिसरं न्हाई सोडनार."

"मंजूर," भीमराजांनी तांब्या वाजवला. मग ते थांबले. "पण नियुक्तीपत्र लिहितात कसं?"

खरी अडचण तिथं होती. संघटनेतल्या एकोणीस वर्षांत त्यांनी मागणीपत्रं लिहिली होती, निषेधपत्रं लिहिली होती, एकदा एका मॅनेजरला शोकपत्रही लिहिलं होतं. आयुष्यभर कागद मागितले होते. दिला एकही नव्हता.

"माझं आहे की," आम्रपाली म्हणाली. "शुक्रवारीच दिलंय. त्यावर बघून लिहू."

रजेनंतरच्या कागदपत्रांसाठी शुक्रवारी तिला चाकणला बोलावलं होतं. तिथल्या ऑफिसात चष्मेवाल्या साहेबानं तिच्यापुढे दोन प्रती सरकवल्या. "नव्या कायद्यानं सगळ्यांनाच देतोय, मॅडम. फॉर्मॅलिटी आहे. सोमवारी सही करून गेटवर द्या, मग हजेरीचं पंचिंग चालू होईल." गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर एवढी वर्षं काढून तिच्याकडे ओळखपत्र नि पगार-पावत्यांशिवाय कागद नव्हता. घरी येऊन तिनं ते पत्र धम्मूच्या शेजारी ठेवून फोटो काढला होता. नावातला 'म्र' बरोबर होता. पगार बरोबर होता. तिला भरून आलं होतं.

आता तेच पत्र सतरंजीच्या मधोमध आलं. दीक्षा सांगू लागली, प्रितम कोऱ्या कागदावर उतरवू लागला.

"श्रीमती सोजरबाई यांस. आपली नियुक्ती…"

"वायरिंग असेंब्ली विभागात," प्रितमनं लिहूनही टाकलं.

"अरे बैला, ते खोड!" दीक्षा ओरडली.

"पद काय लिहू? आया?"

"आया तुझ्या सासुरवाडीला," सोजरबाई म्हणाल्या. "आजी लिही."

"आजी. कंसात कायम," भीमराजांनी सुचवलं. ते हळूहळू रंगात येत होते. "कायम लिहिलंच पाहिजे. कंत्राटी आजी मी या घरात चालवून घेणार नाही."

"परिवीक्षा कालावधी सहा महिने."

"ते काय असतं?"

"म्हणजे आई, सहा महिने तुझं काम बघायचं. पटलं तर ठेवायचं."

सोजरबाईंनी पोटच्या दोन्ही पोरांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोन नग दिलेत की तयार करून. त्येच बघा म्हणावं." मग जरा थांबून, "थोरल्यात थोडा फॉल्ट हाय."

परिवीक्षा रद्द झाली. बदलीचं कलम आलं. 'आस्थापनेच्या कोणत्याही शाखेत' हे ऐकून त्या म्हणाल्या, चालेल, धाकट्या बहिणीकडे ताथवड्याला करा, तिथं लिफ्ट हाय. निवृत्तीचं वय अठ्ठावन्न निघालं. त्यांचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, आधार कार्डावर एक जानेवारी होती आणि ती शाळामास्तरनं ठोकलेली. तेही कलम गेलं. आम्रपालीला आता खरंच हसू येत होतं. उद्याची बस तिला दिसू लागली होती.

"रुजू होण्याची तारीख," दीक्षा वाचत गेली, "सोळा फेब्रुवारी दोन हजार सव्वीस."

प्रितमनं लिहिलं.

"थांब," सोजरबाई म्हणाल्या. "कंची तारीख?"

"सोळा. उद्याची."

"उद्याची? मंग आजपत्तुर मी काय करत हुते?"

"आई, पत्र आता देतोय ना, म्हणून…"

"न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. बाळाला थोपटणारा हात मात्र थांबला. "ही तारीख मला ठावं हाय. भोसरीच्या कँटीनला बावीस वरसं पोळ्या लाटल्या मी. दर अकरा म्हैन्याला ठेकेदार बदलायचा. चुलाण त्येच, लाटणं त्येच, मीबी तीच. नवा ठेकेदार यायचा आन् कागद पुढं करायचा, बाई, हितं सही कर. वाचून कुनी दाखवलं न्हाई. पर आकडं मला वाचाया येत्यात. दरसाली त्या कागदावर त्याच दिसाची तारीख. बावीस वरसांत मी बावीस टायमाला नवी झाले. नवरीबी इतक्यांदा नवी होत न्हाई, बाई."

भीमराज वहीकडे बघत राहिले. ते त्याच काळात शेजारच्या कंपनीच्या गेटवर भाषणं करत होते, आणि कँटीनच्या बायका संघटनेत येत नसत, कारण त्या ठेकेदाराच्या. हे त्यांनी कधी वहीत लिहिलं नव्हतं.

"मग कुठली तारीख लिहू, आई?" प्रितमनं विचारलं. त्याचा साडीचा विचार कुठल्या कुठे गेला होता.

"तू जल्मलास ती घाल."

प्रितमनं सोळा फेब्रुवारी खोडली. सात जुलै एकोणीसशे त्र्याण्णव, असं सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं.

आणि आम्रपाली आपल्या पत्रावर वाकली.

रुजू होण्याची तारीख : १६ फेब्रुवारी २०२६. तिचीही तीच होती. असणारच. यावरूनच तर उतरवली होती.

"दीक्षा," ती म्हणाली. "मी तर एकोणीसच्या जूनपासून आहे."

दीक्षानं पत्र ओढून घेतलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विहारात टेबलावर आपटलेला हात कपाळावर मारून घेतला. "वहिनी, मी तुझ्या पत्राचा फोटो स्टेटसला ठेवला होता. मी… मी बघितलंच नाही गं."

"काय फरक पडतो?" प्रितम म्हणाला.

"वहिनी उद्यापासून नवी. साडेसहा वर्षं पुसली. ग्रॅच्युइटी मोजतात ती रुजू झाल्यापासून. उद्या माणसं कमी करायची वेळ आली तर आधी नंबर नव्याचा. आणि सही तिची स्वतःची!"

"चूक असेल टायपिंगची."

"असेल. मग दुरुस्त करतील."

"आणि नाही केली तर? सही नाही तर पंचिंग नाही म्हणालेत. आमू, आत्ता सही कर, मग बघू. हप्ता आहे आपला."

"मग बघू म्हणूनच बावीस वरसं गेली," सोजरबाई म्हणाल्या.

सहा महिने ती एकाच दिवसाची वाट बघत होती. कंपनीत पाळणाघराची पाटी होती, पण त्या खोलीत रिकामे खोके भरलेले. म्हणून सासूबाईंचा संप मिटवायचा, बस पकडायची, दुपारी बाथरूममध्ये जाऊन दूध काढायचं, एवढी सगळी जुळवाजुळव. आणि आता गेटच बंद झालं तर? तिनं लाइनवर शेजारी बसणाऱ्या विजयश्रीला फोन लावला.

"विजू, तुझ्या पत्रात रुजू तारीख काय आहे?"

"थांब, टीव्हीवर ठेवलंय… अगं, दोन फेब्रुवारी. का गं?" आणि मग, स्वतःशीच वर्षं मोजून, "अगं बया. मी तर तुझ्याही आधीची!"

"सही केलीस?"

"आमच्या ह्यांचं पेनच सापडेना, म्हणून राहिलीय."

दुपारपर्यंत अशा सतरा जणी निघाल्या. कुणाचं पेन हरवलं होतं, कुणाचं पत्र पोराच्या दप्तरात गेलं होतं. आणखी नऊजणींनी मात्र सही करून टाकली होती.

भीमराज केव्हाच उठले होते. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली, धुळीनं दीक्षा शिंकली, धम्मू दचकून हसला. ट्रंकेतून एक पिवळी फाइल निघाली, आणि त्यातून आम्रपालीची पहिली पगार-पावती. जून दोन हजार एकोणीस. लग्नानंतर सासऱ्यांनी तिच्याकडून मागून घेतली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, काय हा म्हातारा, सुनेचा पगार बघतोय. आज तिनं त्या पावतीकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कागद कधी टाकू नये," भीमराज पुटपुटले. मग चष्मा पुसून ताठ बसले. आता ते मालक नव्हते. "लिही प्रितम. महोदय. नियुक्तीपत्र मिळाले, आभार. त्यातील रुजू तारीख चुकीची आहे, सोबत पुरावा. दुरुस्त प्रत मिळताच सही करण्यात येईल. अन्यथा तीव्र आंदोलन…"

"आबा, अन्यथा नको," दीक्षा म्हणाली.

"थोडंसं?"

"अजिबात नको. उलट पाळणाघर लिहा. पन्नासच्या वर माणसं असली की द्यावंच लागतं."

"बरं. पण पोच घ्यायची, सूनबाई. दुसऱ्या प्रतीवर शिक्का. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही, मग समोर कुणीही असो."

आजीचं पत्र तसंच सतरंजीवर पडून होतं. दीक्षानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, सोजरबाईंनी ते आणखी एकदा वाचायला लावलं, आणि मग सही केली. तळाशी नियोक्त्याच्या, म्हणजे मालकाच्या, सहीची जागा मात्र कोरी राहिली. भीमराज म्हणाले, मेलो तरी मालक म्हणून सही करणार नाही. प्रितम म्हणाला, मग मी कशाला? शेवटी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला.

सोमवारी सकाळी सतरा बायका गेटवर उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात दोन-दोन कागद. कुणी घोषणा दिली नाही. चष्मेवाले साहेब बाहेर आले. आम्रपालीचा कुर्ता दुधानं ओला व्हायला लागला होता. तिनं ओढणी पुढं ओढली.

"कॉम्प्युटरनं टाकलीय तारीख, मॅडम. आम्ही नाही."

"मग कॉम्प्युटरला सांगा, साहेब. तोवर पोच द्या."

साहेबांनी सतरा बायकांकडे पाहिलं, आत थांबलेल्या लाइनकडे पाहिलं, आणि शिक्का मागवला. पंचिंग चालू झालं. पावणेचारच्या सुमाराला नवी पत्रं आली. एकच ओळ बदललेली. सही केलेल्या नऊजणींनी आपले अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचं ठरवलं. खोक्यांच्या खोलीबद्दल साहेब 'बघू' म्हणाले. विजयश्रीनं ते 'बघू' तारखेसकट वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी आम्रपाली घरी पोचली तेव्हा ओट्यावर दूध उतू गेलेलं होतं, आणि भीमराज फडकं घेऊन उभे होते. चारचा चहा त्यांनी केला होता. सोजरबाईंनी तो पूर्ण प्यायला होता, ही त्यांची माया. मांडीवर धम्मू होता.

आम्रपालीनं आधी बाळाला घेतलं, मग पत्र पुढं केलं. सोजरबाईंनी बाकीचं काही पाहिलं नाही. बोट सरळ आकड्यांवर गेलं. तीन. सहा. दोन हजार एकोणीस. बोट तिथं थोडा वेळ राहिलं.

"ब्येस," त्या म्हणाल्या. मग उशीखालून स्वतःचं पत्र काढून तिच्या पत्राशेजारी सतरंजीवर ठेवलं. नुसतंच, बघायला.

धम्मू आईच्या मांडीवरून पालथा होऊन पुढं झेपावला. आम्रपालीनं धरेपर्यंत त्याचं तोंड आजीच्या पत्रावर पोचलं होतं. तिनं त्याला उचललं, तेव्हा कागदाच्या तळाशी, कोऱ्या राहिलेल्या जागेवर, लाळेचा गोल ओला डाग उमटलेला.

"अरेरे, आई, थांबा, मी पुसते."

"हात लावू नगं!" सोजरबाईंनी कागद वर उचलला आणि उजेडात धरून नीट पाहिला. "अवो सेक्रेटरी, वही काढा. झाली मालकाची सही."